हिवतापाच्या गोळीवर टिक करायची नसते

हजेरी

दिनांक १९ ऑगस्ट, सोमवार. वेळ दुपारी पावणेदोन. स्थळ: संभाजीनगर, सांध्यांच्या डॉक्टर मॅडमची केबिन. हजर: मी सुनंदा, वय सेहेचाळीस, आशा सेविका, माझे यजमान रामेश्वर, शेती, मुलगी ऋतुजा, बारावी. फोनवरून हजर: सासूबाई. गैरहजर: कोणी नाही. विषय क्रमांक एक: मला ल्युपस झाला आहे.

गावातल्या आरोग्य समितीच्या बैठकांची वही अठरा वर्षं मीच लिहिते, म्हणून मला हे असंच सुचतं. त्या दिवशी घरी आल्यावर आधी डायरीत एवढं लिहिलं आणि मग रडले. लिहून ठेवलेलं असलं की रडणं लवकर आटोपतं, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या हातात नुकताच असा कागद पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझं काय झालं, कुठे चुकलं आणि ते कसं सावरलं, एवढंच सांगणार आहे. सावरलं आहे, हे आधीच सांगून टाकते. वाचताना उगाच जीव टांगणीला नको.

स्वतःचाच रक्तनमुना

सुरुवात मे महिन्यात झाली. सकाळी उठल्यावर हाताची बोटं वळेनात. तवा उचलायला दोन हात लागायचे, ब्लाउजची हुकं ऋतुजा लावून द्यायची. दुपारपर्यंत हात सुटायचे आणि मी सगळं विसरून कामाला लागायचे. मग अंगात कसर राहू लागली. तोंडात फोड आले. कंगव्यात केसांचा पुंजका येऊ लागला आणि दोन्ही गालांवर, नाकावर लाल चट्टा उठला.

ताप आहे म्हटल्यावर आमच्या कामात पहिली शंका हिवतापाची. गावात कुणाला कणकण आली की बोटाला सुई, काचपट्टीवर रक्ताचा थेंब आणि वहीत नंबर, हे मी झोपेतही करीन. तेव्हा मी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, स्वतःला नंबर दिला आणि काचपट्टी पाठवली. निगेटिव्ह आली. पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवली. निगेटिव्ह. तिसऱ्यांदा टोचताना सासूबाईंनी पाहिलं.

"गावाच्या बोटाइले टोचून झालं, आता आपल्याच बोटाले टोचून राह्यली. अवं, कोन्या डॉक्टरले दाखवशीन का नाई?"

तिसरी काचपट्टीही निगेटिव्ह आली, तेव्हा मेहकरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गालावरचा चट्टा पाहिला, रक्ताच्या तपासण्या केल्या आणि काहीही न सांगता संभाजीनगरची चिठ्ठी लिहून दिली. डॉक्टर काही बोलत नाही तेव्हा काय समजायचं, हे अठरा वर्षांत मला चांगलं कळलेलं आहे.

जागल्या आणि विरजण

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. फाइल वाचून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या तिघांकडे पाहून बोलल्या. शरीराची राखण करणारी एक फौज असते. ल्युपसमध्ये ती फौज आपल्याच शरीरावर उठते. सांधे, कातडी, केस, काहीही तिच्या तडाख्यात सापडतं.

रामेश्वर खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, "म्हंजे मॅडम, जागलीवरच्या मानसानं रानडुकरावर गोफन मारावं, तं हा आपल्याच बैलावर मारून राह्यला."

"अगदी तसंच."

"मंग बदलून टाका ना त्याले."

"बदलता येत नाही. आपल्याकडे तो एकच आहे. त्याला जरा शांत करता येतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, सांधे दुखतात हे खरं, पण मला काळजी किडनीची आहे. हा आजार किडनीवर गेला तर गोष्ट वेगळी. आज तुमची लघवी साफ आहे, प्रोटीन जात नाही. ती अशीच साफ ठेवायची. आपलं मुख्य काम हे."

मी डायरीत लिहिलं: मुख्य काम, किडनी. खाली दोन रेघा मारल्या.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. एक थोड्या दिवसांची, कमी करत बंद करायची. दुसरी रोजची. दुसरीचं नाव वाचून मी थांबले.

"मॅडम, ही तर हिवतापाची गोळी."

"तुम्ही क्लोरोक्वीन वाटत असाल. ही तिची बहीण, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन."

"पण माझे तीन नमुने निगेटिव्ह आहेत."

त्या हसल्या. तीन नमुने कुणी घेतले, असं विचारलं. मी घेतले म्हटल्यावर आणखी हसल्या आणि खुर्ची पुढे ओढून समजावू लागल्या. मलेरियासाठी ही औषधं घेणाऱ्यांचे अंगावरचे चट्टे आणि सांध्यांची सूजही उतरते, हे डॉक्टरांच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं. कारण पुढे हळूहळू उलगडलं. राखण करणाऱ्या पेशींच्या पोटात बारीक पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत आंबट रस असतो. आलेला कचरा त्यात विरघळतो आणि त्यातला तुकडा पेशी बाहेर धरून दाखवते, की पाहा, हा शत्रू. ल्युपसमध्ये आपल्याच मेलेल्या पेशींचा कचराही शत्रू म्हणून दाखवला जातो आणि गावभर बोंब होते. जिथे बोंब पोचते तिथे सूज. ही गोळी त्या पिशव्यांत जाऊन बसते आणि आतला आंबटपणा कमी करते. मग तुकडे नीट पडत नाहीत, आतली धोक्याची घंटाही पुरती वाजत नाही. बोंब कमी झाली की सूज उतरते.

"म्हणजे आंबटपणा गेला की विरजण लागत नाही, तसं?" मी विचारलं.

"तसं. आणि खऱ्या जंतूंशी लढायची ताकद ही गोळी फारशी कमी करत नाही."

"म्हंजे डुक्कर आलं तं जागल्या उठनच," रामेश्वर म्हणाले. त्यांना रात्री रान राखणाऱ्या या जागल्याची फार काळजी वाटू लागली होती.

"उठेल. फक्त ताई, एक लक्षात ठेवा. ही गोळी अंगात हळूहळू साचते. दोन-तीन महिने काही फरक वाटणार नाही, म्हणून सोडू नका. आणि सोडली तर उतरतेही हळूहळू. लगेच काही होणार नाही, म्हणून फसू नका."

हेही मी लिहून घेतलं. बाकीचंही लिहिलं: जेवणानंतर घ्यायची, डोळ्यांचा पडदा आता एकदा आणि पुढे सांगतील तेव्हा तपासून घ्यायचा, उन्हात उघडं फिरायचं नाही. डायरी पाहिली तर अक्षर चांगलं आहे. म्हणजे मी नीट ऐकत होते. पुढे जे केलं ते न ऐकल्यामुळे झालं नाही.

खाली औषधाच्या दुकानात ती पट्टी हातात आली तेव्हा वाटलं, ही मी कुणाच्या तरी घरी पाहिली आहे. कुणाच्या, ते आठवेना. बस सुटायची होती म्हणून तो विचार तिथेच राहिला.

घरातली वाटणी

आजारपणात घरातली माणसं वाईट वागत नाहीत, थकतात. आणि थकलेलं माणूस टोचून बोलतं. हे आधी माहीत असतं तर दोन महिने थोडे सोपे गेले असते.

मी कामांची यादी करून फ्रिजवर लावली. भाकरी: सासूबाई. पाणी भरणं: रामेश्वर. भांडी: ऋतुजा. चार दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "ह्या कागदावर तुह्यं नाव कुठी हाये?" मी म्हटलं, माझं नाव यादी करणारीचं. त्यावर त्या म्हणाल्या, "मुकादम झाली तं!" आम्ही दोघी दोन दिवस बोललो नाही. खरं म्हणजे त्यांचेही गुडघे दुखत होते आणि सत्तराव्या वर्षी पुन्हा चार माणसांच्या भाकरी थापणं सोपं नव्हतं. मला ते कळत होतं. पण माझ्या हातात पीठ मळायची ताकद नव्हती आणि तोंडात मात्र उत्तर द्यायची होती.

रोज सकाळी ऋतुजा माझी वेणी घालायची. कंगवा फिरवून झाला की मूठ झाकून बाहेर जायची. एकदा मी म्हटलं, दाखव. तिने दाखवली नाही. "काय पाह्यतं आई त्यात, जमा करून काय बोहारनीले द्यायचे हायेत का?" मी हसले. ती परसात जाऊन बराच वेळ आली नाही.

माझं सगळ्यात मोठं दुःख तुम्हाला चमत्कारिक वाटेल. मला लिहिता येईना. पेन बोटांतून निसटायचं. एका संध्याकाळी रामेश्वर शेतातून आले, फवारणीच्या पंपाची जुनी रबरी नळी काढली, बोटभर तुकडा कापला, धुतला आणि माझ्या पेनावर चढवला. "धरून पाह्य." पेन जाड झालं, पकडता येऊ लागलं. त्या माणसाने लग्नात अंगठी दिली होती. पण हा तुकडा मिळाल्यावर मी जितकी खूश झाले, तितकी अंगठी पाहून झाले नव्हते. हे लिहिते आहे तेही त्याच पेनाने.

छत्रीचंही सांगते. उन्हापासून जपायचं म्हणून मी काळी छत्री घेऊन कोरड्या आभाळाखाली घरोघर फिरू लागले. चावडीवरची मंडळी म्हणायची, "ताई, आभाळ कुठी हाये?" मी म्हणायचे, "डोक्यावर. तुमाले दिसून नाई राह्यलं का?" महिनाभराने विचारणं बंद झालं.

कोर्स पूर्ण

ऑक्टोबरच्या तपासणीत मॅडम खूश झाल्या. लघवी साफ होती. सूज उतरली होती. थोड्या दिवसांची गोळी बंद झाली, रोजची चालू ठेवायची होती. पुढची भेट जानेवारीत. नोव्हेंबरात मी भाकरी थापली. पहिली चंद्रासारखी नव्हती, महाराष्ट्राच्या नकाशासारखी होती, पण माझ्या हातची होती. सासूबाईंनी ती मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, "जमलं तुले." आमच्या घरात याहून मोठं कौतुक होत नाही.

आणि मग ३० नोव्हेंबर, शनिवार आला.

महिनाअखेरीला आम्ही वह्या बंद करतो. गरोदर माता, लसीकरण, तापाचे रुग्ण, कोरड्या दिवशी पाण्याची भांडी रिकामी करून घासलेली घरं, सगळे रकाने भरून टिक करायचे. उघडी ओळ राहिली की वरून विचारणा होते. तापाच्या रुग्णापुढे लिहितात: गोळ्या दिल्या, कोर्स पूर्ण, टिक. तीन दिवसांच्या तीन दिवस, चौदा दिवसांच्या चौदा दिवस. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात साठवू द्यायच्या नाहीत. लोकांना हे पटवता पटवता माझी अठरा वर्षं गेली. कोरोनाच्या वेळी आमच्यातल्या काही जणींना हीच गोळी मिळाली होती, तीही ठरावीक आठवड्यांपुरतीच.

त्या दिवशी सगळ्या वह्या मिटल्या. माझी डायरी उघडी होती. गोळ्यांची शेवटची पट्टी सकाळीच संपली होती. ताप नाही, सूज नाही, चट्टा नाही. माझ्या पेनाने, त्याच रबराच्या पेनाने, लिहिलं: कोर्स पूर्ण. टिक.

मी विसरले नव्हते. मॅडमचं वाक्य मागच्याच पानांवर होतं. पण डोक्याला समजलेलं हातापर्यंत पोचलेलं नव्हतं. हाताला एकच माहीत होतं: हिवतापाची गोळी संपली की संपली.

चार दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "जेवल्यावरची गोळी दिसून नाई राह्यली?"

"कोर्स झाला, आत्याबाई."

"डॉक्टरीन म्हने?"

"मले माहीत हाये ना. अठरा वर्षं दुसरं काय करून राह्यली मी?"

त्या ताट उचलून आत गेल्या. डिसेंबर छान गेला. मला वाटलं, पाहा, काही झालं नाही. मॅडमनी ज्याला फसू नका म्हटलं होतं, ते नेमकं हेच होतं.

हिरवी पट्टी

जानेवारीत एका सकाळी डोळे सुजून आले. संध्याकाळी मोज्याची कड पायात रुतलेली दिसली. बोटांनी दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी लघवीला फेस आला.

उपकेंद्रात गरोदर बायांची लघवी तपासायच्या पट्ट्या असतात. पट्टीचा पिवळा चौकोन हिरवा झाला की प्रोटीन जातं आहे, बाईला लगेच दवाखान्यात न्यायचं. हे मी शेकडो बायांना सांगितलं आहे आणि कित्येकींना हाताला धरून गाडीत बसवलं आहे. सिस्टरकडून एक पट्टी मागून घेतली. बुडवली, घड्याळ लावलं.

चौकोन गर्द हिरवा झाला.

बाहेर बाकावर बसले. मुख्य काम, किडनी, त्याखाली दोन रेघा. मला हाताला धरून गाडीत बसवणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच फोन लावला. "ऋतुजाचे बाबा, हाती असन ते काम सोडा. संभाजीनगरले निघा लागते."

"काय झालं वं?"

"मी चुकली."

लग्नाला बावीस वर्षं झाली. हे दोन शब्द त्यांनी माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले असावेत. पुढे काही न विचारता ते आले.

बेड नंबर नऊ

पाच दिवस ॲडमिट होते. दिनक्रम लिहून ठेवला आहे. पाचला बीपी. सहाला वजन. सातला चहा, माझा बिनमिठाच्या बिस्किटाबरोबर. दिवसभराची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमा करायची आणि तो कॅन खाटेखाली. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या बाईला तिच्या कॅनवर वेळ कशी लिहायची ते शिकवत होते. ज्या गोष्टीवर लेबल लावता येतं, तिची मला भीती वाटत नाही.

भीती एकाच गोष्टीची वाटली. किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासायला पाठवला होता, आणि त्याच्या निकालावर लेबल लावता येत नव्हतं. ऋतुजाची परीक्षा तोंडावर आली होती. डायलिसिसवरची माणसं मी कामानिमित्त पाहिलेली होती. आठवड्यातून किती दिवस जातात, घरातलं कोण अडकतं, सगळं माहीत होतं. माणसाला कमी माहीत असावं, असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं.

मॅडम राउंडला आल्या. पहिला प्रश्न: "रोजची गोळी?"

"बंद केली होती. नोव्हेंबरअखेर."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी नाही मॅडम. गावात ते सांगणारी मीच आहे."

त्या रागावतील असं वाटलं. त्या खाटेवर टेकल्या. म्हणाल्या, "गोळी चालू असती तर हे झालंच नसतं, अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण ती असली की आजार उसळायची शक्यता कमी असते, किडनीलाही आधार मिळतो. आता एकट्या तिच्यावर भागणार नाही, आणखी कडक औषधं लागतील. पण पाया तीच राहणार. ताई, हा कोर्स नाही. मिठासारखं समजा, रोजचं."

"मीठ तर बंद केलंत तुम्ही," मी म्हटलं. शेजारची बाई हसली, मॅडमही हसल्या.

त्या गेल्या आणि मी एकटी राहिले, तेव्हा माझंच वाक्य माझ्या कानात फिरू लागलं. गावात ते सांगणारी मीच आहे. आणि ती गोळ्यांची पट्टी मी कुणाच्या घरी पाहिली होती, ते आठवलं.

वंदना. गावाच्या खालच्या अंगाचं घर, तापाचे रुग्ण शोधायची घरोघरची फेरी, पाच-सहा वर्षांमागची गोष्ट. देवाच्या फळीवर गोळ्यांच्या चार पट्ट्या रचलेल्या होत्या. मी विचारलं, "एवढ्या गोळ्या काऊन साठवल्या?" ती म्हणाली, मोठ्या डॉक्टरने रोज घ्यायला लावल्या आहेत. तिच्या हाताची बोटं सुजलेली होती, बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. मी नाव वाचलं. ताप आहे का? नाही. मग हिवतापाच्या गोळ्या रोज खाऊन काय करतं? झाला तुह्या कोर्स, बंद कर. ती लगेच म्हणाली, "ताई, तुमाले जास्त समजते. तुमी म्हनता तं बंद." मी वहीत लिहिलं आणि टिक केली.

तिला नेमकं काय झालं होतं, मला आजही माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.

निकाल चौथ्या दिवशी आला. किडनीला सूज होती, पण डाग पडून वाया गेलेला भाग जवळजवळ नव्हता. "वेळेत आलात," मॅडम म्हणाल्या. जिच्याकडून पट्टी घेतली होती त्या सिस्टरला मी फोन केला आणि तिने फोनवरच रडून घेतलं.

समोर गिळ

घरी आले तर सासूबाईंनी कारभार हातात घेतलेला. क्षयाच्या रुग्णांना आम्ही समोर बसवून गोळी गिळायला लावतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं ओसरीवर बसून पाहिलं होतं. त्यांना वाचता येत नाही. ऋतुजाने डब्याच्या कप्प्यांवर सूर्य, भाकरी आणि चांदणी काढून दिली होती. दुपारचं जेवण झालं की त्या भाकरीच्या कप्प्यातली गोळी हातावर ठेवायच्या.

"गिळ."

"घेते आत्याबाई, पानी तं पिऊ द्या."

"टीबीवाल्याइले काय म्हनतं तू? समोर गिळ. मंग गिळ माह्यासमोर. आता आ कर."

सेहेचाळीस वर्षांची बाई सासूसमोर तोंड उघडून जीभ दाखवते, हे दृश्य पाहायला शेजारपाजारच्या बाया मुद्दाम यायच्या. मी एकदाही चिडले नाही. फ्रिजवरच्या यादीत मी त्यांचं नाव भाकरीवरून काढलं आणि लिहिलं: गोळी, आत्याबाई. ते काम त्यांनी आजवर एक दिवसही चुकवलेलं नाही.

कडक औषधांनी तोंड सुजलं, भूक वाढली, झोप गेली. मार्चमध्ये हिरवा रंग फिका झाला. मे महिन्यात पट्टी पिवळट दिसू लागली. ऋतुजा पास झाली, माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी. आणि जुलैत मॅडमनी रिपोर्ट आमच्या तिघांकडे फिरवला. प्रोटीन: नाही.

"साफ," त्या म्हणाल्या. "आता हे असंच ठेवायचं."

रामेश्वर म्हणाले, "मॅडम, सुधरला म्हना आमचा जागल्या."

"झोपला आहे. त्याला उठवू नका म्हणजे झालं."

परत येताना जालन्याच्या स्टँडवर रामेश्वरनी माझ्यासाठी बिनमिठाचं काही मिळतं का ते शोधलं आणि शेवटी केळी आणली. डझनभर. आम्ही तिघांनी गाडीत बसून सगळी संपवली. अशी मेजवानी मी कुठल्या लग्नात जेवले नाही.

यंदाच्या पावसाळ्यात तापाची पूर्ण फेरी मी केली. माझ्या वाट्याची सगळी घरं, काळी छत्री, रबराचं पेन. एका घरी नव्या सुनेने विचारलं, ताई, आज तर पाऊस आहे, तुमची छत्री आज बरोबर दिसते. मी म्हटलं, बाई, ही छत्री ऊन असो का पाऊस, बरोबरच असते. डायरीत गोळीपुढे आता टिक करत नाही. तारीख लिहिते आणि रकाना मोकळा सोडते. सुरुवातीला तो मोकळा रकाना पाहून हात शिवशिवायचा. आता नाही.

राहिलेलं काम

मागच्या वर्षभराची यादी काल काढून फ्रिजवर लावली. डोळ्यांचा पडदा तपासणं, झालं. पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवणं, झालं. बाकीच्या आशा सेविकांना बैठकीत उभं राहून सांगणं, की हिवतापाची गोळी ताप नसलेल्या बाईच्या घरी दिसली तर बंद करा म्हणू नका, आधी विचारा, कोणी दिली आणि कशासाठी, तेही झालं. सांगताना माझी स्वतःची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही.

एकच ओळ उघडी आहे. वंदना.

ती गाव सोडून माहेरी, पिंपळगाव राजाला गेली, एवढं शेजाऱ्यांकडून कळलं. फोन नंबर कुणाकडे नाही. जाते म्हणून तीनदा तारीख लिहिली आणि तीनदा पुढे ढकलली. एकदा शाळेची लसीकरणाची फेरी होती, एकदा पाऊस होता आणि तिसऱ्यांदा काहीच नव्हतं. अठरा वर्षांत काहीच नसताना मी काम पुढे ढकलल्याचं दुसरं उदाहरण नाही. ती बरी असेल, दुसऱ्या डॉक्टरने गोळी पुन्हा चालू केली असेल, हे मी मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं. तिचा तो आवाज मात्र मध्ये येतो. ताई, तुमाले जास्त समजते.

काल रामेश्वरनी फ्रिजवरचा कागद वाचला आणि विचारलं, "हे काऊन राह्यलं?"

"भेव वाटून राह्यलं."

"मंग मीबी येतो. उद्या रविवार हाये. खामगावपर्यंत यष्टी, पुढं पाहू."

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. छत्री, माझी फाइल, संभाजीनगरच्या दवाखान्याचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, दुपारची गोळी. ती रामेश्वरसमोर गिळायची, असा सासूबाईंचा हुकूम आहे. आणि सिस्टरकडून मागून आणलेली लघवी तपासायची एक पट्टी, कोरडी, डबीत बंद. चौकोन पिवळा आहे.